टीनएजर्सच्या कादंबऱ्यांत आईबाप एकतर गेलेले नाहीतर व्हिलन, असं का? (आणि तसं नसलेली पुस्तकं सुचवा)

पानगळ:

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत एक छोटी लायब्ररी आहे, दोन कपाटं आणि एक टेबल एवढीच, शनिवारी संध्याकाळी मी तिथे बसते. नववीतली एक मुलगी नेहमी येते, मराठी इंग्लिश दोन्ही भरभर वाचते. परवा म्हणाली, "मावशी, असं पुस्तक द्या ना ज्यात घरी भांडणं असतात, पण कुणी मरत नाही आणि शेवटी सगळे मिठी मारून रडतही नाहीत."

मी कपाट उघडून एकेक बघत गेले आणि खरंच अडकले. हॅरी पॉटरचे आईवडील गोष्ट सुरू व्हायच्या आधीच गेलेले. हंगर गेम्समधे वडील खाणीतल्या स्फोटात गेलेले आणि आई खचून बसलेली, म्हणजे असून नसल्यासारखी. आपला फास्टर फेणे विद्याभवनच्या हॉस्टेलवर, त्यामुळे घरचा प्रश्नच मिटला. दुसऱ्या टोकाला श्यामची आई, तिच्यावर तर रागवायचीही सोय नाही. मग सकाळी डब्यावरून, दुपारी मार्कांवरून आणि रात्री मोबाईलवरून खटके उडणारं जे साधं घर असतं, जिथे आईबाबा वाईट नसतात पण मूल मात्र रोज थोडं थोडं लांब जातंय, ते कुठल्या पुस्तकात आहे?

दुसरं पण विचारते. अशी दोन पुस्तकं मी आधी दिली होती तेव्हा एका आईने येऊन सांगितलं की असलं काही देत जाऊ नका, मुलं घरच्या गोष्टींकडे बोट दाखवायला लागतात. मला तिचा राग नाही आला पण उत्तरही सुचलं नाही. तुम्ही काय कराल?

---

तळटीप:

पानगळताई, पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर म्हणजे सोय. घरी जागे आईबाप असतील तर पंधरा वर्षांचा पोरगा रात्री ड्रॅगनशी लढायला जाऊच शकत नाही, आई दारातच विचारणार कुठे निघालास. म्हणून लेखक आधी आईबापांना बाजूला करतात. साहसकथेपुरतं ते ठीकच आहे, माझी तक्रार नाही.

पण यंग अडल्ट, म्हणजे टीनएजर्ससाठीच्या पुस्तकांचा, जो प्रकार अमेरिकेत उभा राहिला त्याचा एक मोठा प्रवाह घरातूनच निघालाय हे विसरलं जातं. एस. ई. हिंटन यांचं 'द आउटसायडर्स' १९६७ चं. लिहायला घेतलं तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या, हायस्कूलमधे, ओक्लाहोमातल्या टल्सा गावात, पुस्तक आलं तेव्हा अठराच्या. आता तुम्ही म्हणाल यातही आईवडील कार अपघातात गेलेलेच आहेत. हो, गेलेत, पण त्याने घर रिकामं होत नाही, उलट घर हाच सगळा पेच होतो. थोरला भाऊ डॅरी वीस वर्षांचा, कॉलेजला जायचं सोडून छपरं घालायची कामं करतो आणि धाकट्या पोनीबॉयला सतत टोचून बोलतो, अभ्यास कर, डोकं वापर, उशिरा का आलास. पोनीबॉयची खात्री असते की याला आपण नकोच आहोत. एका रात्री उशीर होतो, डॅरी त्याला थोबाडीत मारतो, पोरगा घरातून पळतो आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं. टोळ्यांची मारामारी वगैरे लोकांना आठवते, मला मात्र नंतरचा हॉस्पिटलातला प्रसंग आठवतो, जिथे डॅरी रडतोय आणि पोनीबॉयला कळतं की हा माणूस चिडत नव्हता, घाबरलेला होता. आईबाप गेलेत, आता हाही हातातून गेला तर, ही भीती. वीस वर्षांच्या मुलावर अचानक बापपण येऊन पडलं की ते कसं वाकडंतिकडं बाहेर पडतं हे त्या वयाच्या मुलीने लिहिलंय, याचं मला अजूनही नवल वाटतं.

तुमच्या वाचक मुलीच्या अटीत बसणारं जुनं पुस्तक म्हणजे ज्यूडी ब्लूम यांचं 'इट्स नॉट द एंड ऑफ द वर्ल्ड', १९७२ चं. कॅरनचे आईबाबा वेगळे होतात आणि ती त्यांना परत एकत्र आणायचे बेत करत राहते. (मधे तिचा भाऊ एकदा घरातून निघून जातो, पण तेवढं चालेल बहुतेक.) हिंदी पिक्चर असता तर शेवटी दोघं एकत्र आले असते. इथे येत नाहीत. दोघं समोरासमोर येतात ते पुन्हा भांडायलाच, आणि तेव्हा कॅरनला कळतं की आपण काय मागत होतो. मुलांना खोटा दिलासा न देता लिहिलंय हे, तेही पन्नास वर्षांपूर्वी.

आणि अलीकडचं म्हणजे अँजी थॉमस यांचं 'द हेट यू गिव्ह', २०१७. यात मृत्यू आहे, स्टार नावाच्या मुलीच्या मित्राला पोलीस गोळी घालतो, पण तो घराबाहेरचा. घरात आई आणि वडील दोघंही आहेत, दोघंही प्रेमळ, आणि तरी त्यांच्यात खरं भांडण आहे. आई नर्स, तिला वस्ती सोडून मुलांना सुरक्षित जागी न्यायचंय. वडील तुरुंगात राहून आलेले, आता किराणा दुकान चालवतात, त्यांना वस्ती सोडणं म्हणजे आपल्या माणसांना सोडणं वाटतं. दोघंही बरोबर आहेत आणि मुलं मधे ऐकतायत. आईबाप व्हिलन न करता घरातला संघर्ष कसा लिहायचा याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

---

वर्गशिक्षक:

वरचं सगळं पटलं, पण कुणीतरी मराठीबद्दलही बोलायला हवं म्हणून लिहितोय. मी आठवी ते दहावीला मराठी शिकवतो. आपल्याकडे बालसाहित्य भरपूर, 'किशोर' मासिक बालभारती १९७१ पासून काढतंय, साधनाचा बालकुमार दिवाळी अंक येतो. पण चौदाव्या वर्षानंतर एकदम दरी आहे. मुलगा फास्टर फेणे संपवतो आणि थेट 'मृत्युंजय' उचलतो, मधे पायरीच नाही.

पण मृत्युंजयच का उचलतो यावर मी खूप विचार केलाय. माझ्या वर्गात दरवर्षी दोनचार पोरं तरी ते जाडजूड पुस्तक घेऊन फिरत असतात, ज्यांना धडा वाचायचा कंटाळा आहे तीसुद्धा. युद्धासाठी वाचत असतील असं मला आधी वाटायचं, पण विचारलं की बोलतात ते कुंतीबद्दल आणि राधेबद्दल. जन्म दिलेल्या आईने सोडलं, वाढवणाऱ्या आईवडिलांवर जीव आहे पण त्यांच्याच जातीवरून, धंद्यावरून बाहेर अपमान होतो, आणि मग घराबद्दल अभिमान आणि लाज दोन्ही एकदम वाटतं. ज्याचे वडील रिक्षा चालवतात आणि ज्याला इंग्लिश मीडियमच्या पोरांत बसायला लागतं अशा मुलाला यात काय सापडत असेल ते सांगायची गरज आहे का? सावंतांनी ते कुमारांसाठी लिहिलेलं नाही, पण महाराष्ट्रातल्या कित्येक मुलांनी घरचं दुःख पहिल्यांदा तिथेच वाचलंय. योगायोग म्हणजे तेही १९६७ चंच.

खास घरासाठी म्हणाल तर माझ्या मते मराठीत लंपनला तोड नाही. प्रकाश नारायण संतांची 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ही चार पुस्तकं. लंपन आजीआजोबांकडे राहतो, आईबाबा आणि बहीण दुसऱ्या गावी. आजी जीव लावते, त्याला कशाची कमी नाही, आणि तरी मधूनच आईची आठवण येते तेव्हा त्याचं पोट कसंतरी होतं, ते तो सांगू शकत नाही, काहीतरी मॅडसारखं होतंय एवढंच म्हणतो. कुणी दुष्ट नाही, कुणी त्याला हाकललेलं नाही, आणि तरी मुलाच्या मनात आपल्याला का पाठवलं हा प्रश्न मुक्कामाला आहे. पुढे 'झुंबर'मधे बाबा जातात, त्यामुळे मुलीला द्यायचंच तर 'वनवास'पासून सुरुवात करा आणि झुंबर कधी द्यायचं ते तुम्ही ठरवा.

'शाळा'चं नाव कुणीतरी घेणारच म्हणून आधीच सांगतो, बोकिलांची ती कादंबरी मला फार प्रिय आहे, आणीबाणीच्या काळातली नववी अगदी जशीच्या तशी आहे, पण तिचा जीव शाळेत आणि नायकाला आवडणाऱ्या मुलीत आहे, घर मागे उभं आहे. नरूमामा तेवढा लक्षात राहतो, कारण मोठ्यांपैकी तोच एक नायक मुकुंदशी मोकळेपणी बोलतो. अशा मामाकाकांची जागा आपल्या कुमारकथांमधे खरं तर मोठी असायला हवी. जी गोष्ट बापाला सांगता येत नाही ती मामाला सांगायची ही आपल्या घरांतली जुनी पद्धत आहे, ती पुस्तकांत फार कमी दिसते.

---

हडसनकाठ:

न्यू जर्सीहून लिहितेय. मुलगी सोळा वर्षांची आहे, तिच्यामुळे मी ही पुस्तकं वाचायला लागले. मला "आईबाप व्हिलन" या शब्दाशी थोडं भांडायचंय. पुस्तक मुलाच्या तोंडून सांगितलेलं असतं, त्यामुळे पहिल्या शंभर पानांत आई व्हिलनच दिसणार, त्या वयात ती तशीच दिसते. प्रश्न असा की लेखक नंतर आईकडे परत वळून बघतो की नाही.

एलिझाबेथ असेवेदो यांचं 'द पोएट एक्स' घ्या, २०१८ चं, त्या वर्षी नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं त्याला. पूर्ण कादंबरी कवितेत आहे. हार्लेममधली झिओमारा, आईबाप डॉमिनिकन रिपब्लिकमधून आलेले. आई इतकी धार्मिक की मुलीने ट्रेनमधे मुलाला किस केलेलं दिसल्यावर तिला तांदळावर गुडघे टेकून मेरीच्या मूर्तीसमोर बसवते. आणि नंतर तिची कवितांची वही सापडते तेव्हा ती जाळते. तो भाग वाचताना माझे हात थरथरले. मुलगी ओरडून आपल्याच कविता पाठ म्हणतेय आणि आई बायबलमधल्या ओळी म्हणतेय, दोघींचे आवाज एकमेकींत मिसळतायत आणि मधे वही जळतेय.

पण मधूनमधून त्या आईची पण गोष्ट येते. तिला नन व्हायचं होतं. घरच्यांनी अमेरिकेला जाता यावं म्हणून लग्न लावून दिलं. इथे येऊन ऑफिसं साफ करत आयुष्य गेलं, नवऱ्याचे उद्योग सहन केले, आणि जे स्वतःला मिळालं नाही ते मुलीकडून करून घ्यायला निघाली. यामुळे वही जाळणं माफ होत नाही, लेखिकाही माफ करायला सांगत नाही. पण आई माणूस होते. माझ्या मुलीने ते पुस्तक संपवून मला विचारलं, तुला काय व्हायचं होतं? तोपर्यंत तिने मला हे कधी विचारलं नव्हतं.

तिसरी एक गोष्ट ज्यावर कुणी बोलत नाही ती म्हणजे पैसा. सबा ताहिर यांचं 'ऑल माय रेज' २०२२ चं, एका पाकिस्तानी कुटुंबाचं, कॅलिफोर्नियातल्या वाळवंटात मोटेल चालवणारं. आई आजारी, बाप दारूत बुडालेला, बिलं थकलेली आणि मुलगा सलाहुद्दीन मोटेल वाचवायच्या नादात नको त्या धंद्यात शिरतो. त्यात आई जाते, म्हणून तुमच्या वाचक मुलीला आत्ता देऊ नका. पण बापाचं पिणं ज्या तऱ्हेने लिहिलंय ते बघा. तो हात उगारणारा दारुडा नाही, तो फक्त तिथे नसतो. सोफ्यावर असतो आणि नसतो. आपल्या ओळखीच्या किती घरांत असे बाप आहेत, आणि मराठी कथेत दारू प्यायलेला माणूस आला की तो मारझोड करणाराच असतो.

---

अकरावी_सायन्स:

मी सतरा वर्षांची आहे त्यामुळे इथे बहुतेक मीच एकटी आहे जिच्यासाठी ही पुस्तकं लिहितात. म्हणून बोलते.

आमच्या घरी डिव्होर्स नाही, मारहाण नाही, कुणी दारू पीत नाही. आईबाबा एकमेकांशी बोलत नाहीत बस. म्हणजे "बाबांना सांग जेवण वाढलंय", बाबा समोर खुर्चीवर बसलेले असतात. मग मी सांगते बाबा जेवण वाढलंय. मग बाबा म्हणतात "आईला सांग येतो". हे सातवीपासून चालू आहे. याला प्रॉब्लेम म्हणायचं की नाही हेच मला माहीत नव्हतं कारण कुणी ओरडत नाही आणि पाहुणे आले की सगळं छान असतं.

लॉरी हॉल्स अँडरसन यांचं 'स्पीक' वाचलं (१९९९ चं आहे, विषय खूप जड आहे, मुलीवर अत्याचार झालेला असतो आणि ती कुणाला सांगू शकत नाही). त्यात ती आणि तिचे आईबाबा एकमेकांशी चिठ्ठ्यांनी बोलतात, किचनमधे चिठ्ठी ठेवायची. पुस्तकाचा मेन विषय तो नाहीच आहे, पण मी त्या पानावर थांबले आणि परत वाचलं. कारण पहिल्यांदा कुणीतरी लिहिलं होतं की घर असं शांत असू शकतं आणि ते नॉर्मल नाही. आणि त्यामुळेच ती तिच्याबरोबर झालेलं घरी सांगू शकत नाही ना, बोलायची सवयच नाही तर एवढं मोठं कसं सांगणार.

त्यामुळे ज्या काकूंना वाटतं पुस्तक वाचून मुलं घराकडे बोट दाखवतात त्यांना सांगा की आम्ही आधीपासून बघत असतो. पुस्तकाने फक्त एवढं होतं की आपल्या एकटीच्याच घरी असं आहे हे वाटायचं थांबतं.

आणि शेवटी सगळे मिठी मारतात ते मला पण आवडत नाही. त्या मुलीला सांगा मी तिच्या बाजूने आहे. चांगला शेवट म्हणजे मला 'डॅरियस द ग्रेट इज नॉट ओके' मधला आवडला, आदिब खोर्रम यांचं, २०१८. डॅरियस आणि त्याचे बाबा दोघांनाही डिप्रेशन आहे, दोघं गोळ्या घेतात, दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही. रोज एकत्र स्टार ट्रेकचा एक एपिसोड बघतात तेवढंच. मग सगळे आईच्या माहेरी इराणला जातात आणि तिथे बाबा ते पण धाकट्या बहिणीबरोबर बघायला लागतात. हे वाचून कुणी म्हणेल एवढंसं तर आहे. एवढंसं नाहीये ते. नंतर बाबा त्याला स्वतःच्या आजाराबद्दल सांगतात. मुलगा बदलत नाही, बाबा पण बदलत नाहीत, फक्त एक गोष्ट बोलली जाते. मला तेवढाच शेवट खरा वाटतो.

---

पानगळ:

अकरावी_सायन्स, तुझं उत्तर मी दोनदा वाचलं. थँक्यू गं. तुला वाटलं तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, पुस्तकांबद्दल किंवा कशाहीबद्दल.

त्या आईबद्दल अजून थोडं सांगते, म्हणजे गैरसमज नको. ती वाईट नाही. तिच्या घरी गेल्या वर्षापासून सासऱ्यांचं मोठं आजारपण आहे, नवरा बाहेरगावी नोकरीला, ती एकटी सगळं ओढते. तिला भीती आहे की मुलगा पुस्तकात आजारपणाचं वाचेल आणि तिला काहीतरी विचारेल ज्याचं उत्तर द्यायची तिच्यात ताकद नाही.

---

तळटीप:

मग तर तिलाच एक पुस्तक द्या, मुलाला नको. पॅट्रिक नेस यांचं 'अ मॉन्स्टर कॉल्स', २०११. मूळ कल्पना शिवॉन डाउड यांची, त्या कॅन्सरने गेल्या आणि नेसनी ते लिहून पूर्ण केलं. तेरा वर्षांचा कॉनर, आई कॅन्सरने आजारी, बाप अमेरिकेत दुसरा संसार थाटून बसलेला, आजीशी अजिबात पटत नाही. आजीच्या नीटनेटक्या दिवाणखान्याची तो एकदा पार मोडतोड करतो, जुन्या घड्याळासकट, आणि आजी येऊन ते बघते तेव्हा त्याला काही बोलत नाही, उरलेलं एक कपाट स्वतःच ओढून पाडते. शिक्षा मिळेल म्हणून वाट बघत उभ्या असलेल्या पोराला तिथे कळतं की हिची पण मुलगीच मरतेय. आईची आई आहे ही.

आणि पुस्तकाचा गाभा असा आहे की कॉनरला मनातून हे एकदाचं संपावं असं वाटत असतं. आईवर जीव आहे, तिने जाऊ नये असंही वाटतं, आणि हे संपावं असंही वाटतं, आणि या दुसऱ्या वाटण्याची त्याला इतकी लाज आहे की तो स्वतःला शिक्षा व्हावी म्हणून धडपडतो. लांबलेल्या आजारपणात घरातल्या प्रत्येकाच्या मनात हे येऊन जातं. आपल्याकडे म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की "सुटले बिचारे" हे गेल्यानंतर म्हणायची मुभा आहे, आधी मनात आलं तर पाप. मुलांना तर तेही कुणी सांगत नाही. त्या ताईंच्या मुलाच्या मनात असं काही असेल तर तो ते विचारणार नाहीच, आत दाबून ठेवेल आणि शाळेत कुणाशीतरी मारामारी करेल. त्यांना आधी वाचू दे. मग द्यायचं की नाही ते त्याच ठरवतील.

---

वर्गशिक्षक:

तळटीपशी सहमत. फक्त एक भर. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर त्या ताईंना 'किल्ला' पिक्चर दाखवा, अविनाश अरुणचा. वडील गेलेला मुलगा आणि बदली होऊन कोकणात आलेली आई. ती ऑफिसात अडचणीत सापडलेली, तो नवीन शाळेत एकटा, दोघंही एकमेकांना त्रास नको म्हणून गप्प. अमृता सुभाषचं काम बघा त्यात, आईचं दमणं सगळं चेहऱ्यावर आहे. मला वाईट एवढंच वाटतं की हे आपण पडद्यावर करू शकलो आणि कुमार कादंबरीत अजून फारसं करत नाही. भारतात इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी केलंय की. रणजित लाल यांचं 'फेसेस इन द वॉटर' आहे, आमच्या घराण्यात फक्त मुलगेच होतात म्हणून मिरवणारं कुटुंब आणि त्या घरच्या मुलाला विहिरीत आपल्या बहिणी भेटतात, ज्यांना जन्मताच मारलेलं असतं. घरातल्या सगळ्यात प्रतिष्ठित माणसांनी काय केलंय हे मुलाला कळतं तेव्हा त्याने काय करायचं, हा प्रश्न मराठीत कुमारांसमोर कुणी इतक्या सरळ ठेवलाय का? माझ्या वाचनात तरी नाही. कुणी लिहीत असेल तर मला कळवा, मी वर्गात वाचून दाखवीन.

---

हडसनकाठ:

सर, हे वर्गात वाचून दाखवाल तर पालक सभेत गोंधळ होईल याची तयारी ठेवा. तरी वाचाच.

---

पानगळ:

ठरलं मग. नववीतल्या मुलीला 'वनवास' आणि डॅरियस, दोन्ही एकदम, तिने हवं ते आधी घ्यावं. 'मॉन्स्टर' माझ्याकडे नाहीये, मागवते आणि त्या ताईंना स्वतः नेऊन देते, लायब्ररीच्या टेबलावर चारचौघांत नाही. 'पोएट एक्स' मी आधी वाचीन.

अजून कुणाला मराठीतलं काही आठवलं तर लिहा, खास करून जिथे बाबा आणि मुलगी आहेत. त्यावर इथे कुणीच काही सुचवलेलं नाही.